भाकरी निवायच्या आत

प्रिय सगुणा,

उभ्या जन्मात तुला नावानं हाक मारली नाही. 'अगं' म्हटलं की तू यायचीस. आज पहिल्यांदा कागदावर नाव घेतोय, कारण रविवारी चर्चमध्ये कापणीचा सण आहे आणि परसातली तुझी हळद निघाली आहे.

तूच लावलीस, तूच खुरपलीस. दिवाळीच्या सुमारास तू गेलीस, ती मात्र वाढत राहिली. पानं वाळली तशी काल सूनबाईनं, शांतानं, खणून काढली. काय भरलेत गड्डे! तू बघायला हवी होतीस.

संध्याकाळी पाळकसाहेब आले होते. "मास्तर, यंदा तुम्ही नुसते बसा. उपकारस्तुतीला दुसरं कुणी उभं राहील." मायेनंच म्हणाले ते. त्यांना शांतानं सांगितलं असणार. तू गेल्यापासून ताटावर बसलो की माझ्या तोंडून प्रार्थनेचा शब्द फुटत नाही. ती बिचारी वाट बघते, मग स्वतःच दोन वाक्यं बोलते आणि मी आमेन म्हणतो. मागितलेलं मिळालं नाही, मग आभार कशाचे मानू? तुझ्या हिवतापावर क्विनाईन मिळावं म्हणून सांगलीतली दुकानं पालथी घातली. "समदं लढाईवर गेलं, मास्तर," एवढंच जो तो सांगायचा. आपलं पोरगं आहे तिथंच.

आणि पूर्वी मी केवढा बोलायचो, आठवतं? गरम भाकरीपुढं डोळे मिटले की मी थेट भुजंगप्रयातात शिरायचो. उगवतीचं आभाळ, कृष्णेचं पाणी, उसावरचा वारा, सगळ्यांबद्दल देवाचे आभार. मधेच तुझा आवाज यायचा, "आवं, देवाला समदं कळतंय. भाकरी निवतीया, आमेन म्हणा."

"अगं, वृत्त मोडलं ना."

"मोडू द्या. आता भाकरी मोडा."

एका सणाला तर मी भर चर्चमध्ये स्वतः रचलेले श्लोक म्हणायला लागलो. पुढं बसलेली पोरं सगळी माझ्याच वर्गातली. शाळेतल्या सवयीनं माझी एकेक ओळ सुरात मागून म्हणू लागली. मला थांबता येईना, त्यांनाही. बायकांच्या बाजूला तू तोंडात पदर कोंबून हसत होतीस. मग तुझी पाळी आली. उभी राहिलीस आणि म्हणालीस, "देवा, म्हस व्याली. पोराची खुशाली आली. ह्यांचा खोकला थांबला. लय उपकार. आमेन." बसलीससुद्धा. माझे श्लोक आज मलाही आठवत नाहीत.

तापात होतीस तेव्हाही तेच. चमचाभर पेज गिळलीस आणि पुटपुटलीस, "पेज ग्वाड लागली. उपकार, देवा." मला राग आला तुझा. म्हणालो, "पेजेचे कसले उपकार? मी तिकडं औषधासाठी टाहो फोडतोय."

तू डोळे न उघडताच म्हणालीस, "औशिद तुमी मागा. पेज मिळाली, तिचं मी बोलती."

चार महिने त्या वाक्याशी भांडतोय. क्विनाईन मिळालं नाही, हे खरंच. पण पेज मिळाली होती, हेही खरं. आता तिचं बोलायला तू नाहीस. मग कोण बोलणार, सांग?

तर ऐक. रविवारी मी बसून राहणार नाही. पाळकसाहेबांना आज सकाळीच जाऊन सांगून आलो. तुझी हळद टोपलीतून मीच नेणार, वेदीपुढं मीच ठेवणार. श्लोक म्हणणार नाही. "देवा, हळद आली. लढाईवर पोरगं जिवंत आहे. सगुणा दिली होतीस. लय उपकार." क्विनाईनचं भांडण मिटलेलं नाही. ते त्याच्याशी वेगळं भांडेन, पण उपकार मानून झाल्यावर.

मधले जाड जेठे गड्डे बियाण्याला बाजूला काढून ठेवलेत. पाऊस झाला की तुझ्याच वाफ्यात लावीन.

शांतानं आत्ताच हाक मारली, भाकरी तव्यावरून उतरली आहे. आज प्रार्थना मी करतो. निवायच्या आत आमेन म्हणेन, हा शब्द देतो.

तुझाच,
'आवं'