सातशे चार नंबरचं खरकटं

ती. नूना,

तुझ्या धाकट्या भावाचा, चांग-ग्यूचा, वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? कानाचं यंत्र लावतेस, की अजून ते तांदळाच्या डब्यातच आहे? तोंग्यंगला आता वारं सुटलं असेल, तेव्हा मासळी वाळत घालायला गच्चीवर चढताना शिडी कुणाला तरी धरायला लाव. (कुणाला, ते मी इथे दायगूत बसून काय सांगणार!) तू पाठवलेली सुकी बारीक मासळी पोचली. डोक्यांसकट खातो आहे. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू "जेवलास का?" म्हणून ओरडतेस आणि मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवून देतेस. माझ्या सांग-उची आई गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, त्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी साठून राहिलं आहे. ते आज एकदाच सविस्तर देतो. चष्मा लावून बस.

आमच्या इमारतीखाली, सायकली ठेवतात तिथे, खरकटं टाकायचं एक यंत्र आहे. घरटी एक बिल्ला, अंगठ्याएवढा, आणि त्याच्या पोटात चिप. बिल्ला यंत्रासमोर धरला की ते घर ओळखतं, झाकण उघडतं, टाकलेलं तोलतं, वजन त्या घराच्या नावावर चढवतं आणि शेवटी बाईच्या आवाजात म्हणतं, "सातशे चार, धन्यवाद." (तुझ्याकडे हेच काम कोंबड्या करतात, आणि त्या कुणाचे आभार मानत नाहीत, हे मला ठाऊक आहे.) ही चिप मला काही नवी नाही. गिरणीच्या गोदामात छत्तीस वर्षं मी कापडाचे तागे मोजले. प्रत्येक ताग्याला माझ्या हातची चिठ्ठी, माझी गाठ. मग कंपनीने ताग्याताग्यात चिपा शिवल्या आणि एक चष्मेवाला माणूस पिस्तुलासारखं काहीतरी घेऊन गल्लीगल्लीतून फिरला. आम्ही दोन दिवसांत मोजायचो तेवढं त्याने चहा निवायच्या आत मोजलं. त्याचा आकडा आणि माझा आकडा यांत तीन ताग्यांचा फरक आला. चूक माझी निघाली. (हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. सांग-उच्या आईलाही नाही. तिला सांगितलं होतं की यंत्र बिघडलेलं होतं.) पुढच्या वसंतात मला फुलांचा गुच्छ देऊन घरी पाठवलं.

आता तर जिकडे तिकडे तेच. सार्वजनिक न्हाणीघरात कपाटाची किल्ली म्हणून मनगटाला चिपचा पट्टा. बसमध्ये चिप. ग्रंथालयात पुस्तक चुकून बगलेत राहिलं तर दारच बोंबलतं, आणि सगळे आपल्याकडे चोरासारखं बघतात. (पुस्तक पाठदुखीवरचं होतं.) शेजारच्या सातशे दोनमधल्या कुत्र्याच्या मानेतसुद्धा चिप आहे. तो हरवला तर दवाखान्यात मानेवरून यंत्र फिरवतात आणि तो कुणाचा ते लगेच कळतं. हे ऐकलं त्या दिवशी मी सहज स्वतःच्या मानेवरून हात फिरवून पाहिला.

असो. सांग-उची आई होती तोवर ते खरकट्याचं यंत्र तिच्या खात्यातलं होतं. ती गेल्यावर बिल्ला दारामागच्या खिळ्याला लटकत राहिला. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून भाताची गुंडाळी आणतो, नाहीतर पाकिटातल्या शेवया उकळतो. त्यात टाकण्यासारखं उरतं काय? रस्सासुद्धा मी पिऊन टाकतो. मला वाटायचं, आपण फार टापटिपीने राहतो.

ऑगस्टमधली गोष्ट. दायगूचा उन्हाळा तुला माहीत आहे. भर दुपारी मी बनियन आणि अर्ध्या चड्डीत पंख्यासमोर बसून टीव्हीवर सोंगट्यांचा सामना बघत होतो, एवढ्यात कुणीतरी दार फोडायलाच लागलं. उघडतो तर वॉर्ड ऑफिसातल्या ओकबाई (म्हाताऱ्याकोताऱ्यांची विचारपूस करतात त्या, तिशीतल्या आहेत), आमचा पहारेकरी प्यो, आणि कुलूप उघडणारा एक माणूस, हातात अवजार काढून तयार.

"आहात तुम्ही!" ओकबाई म्हणाल्या आणि भिंतीला टेकल्या.

"मग दुसरं कोण असणार?"

"काल जिन्यात भेटला होता की हा मला," प्यो म्हणाला. "पण बाईंच्या यादीत लाल ठिपका आहे म्हटल्यावर वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असेल."

उलगडा असा झाला की त्याच महिन्यापासून त्यांनी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी ठेवायला घेतली होती. एखाद्या घराने पंधरा दिवस यंत्रात काहीच टाकलं नाही, तर त्या नावापुढे लाल ठिपका येतो. माझे सतरा दिवस झाले होते. हेतू चांगलाच आहे, नूना, मी नाही म्हणत नाही. पण छत्तीस वर्षं मी दुसऱ्याचा माल मोजला, आणि आता मी कुणाच्या तरी गोदामात पडलेला तागा! मला राग आला. रागात मी खोटं बोललो. ओकबाईंनी विचारलं, जेवता काय? मी म्हटलं, सगळं. सूप, भाज्या, आणि रोज मासा. मग माशाची हाडं कुठे जातात? मी म्हटलं, यंत्रातच टाकतो, तुमच्या यंत्राला मोजता येत नसेल. बाई हळूच म्हणाल्या, "हाडं त्यात चालत नाहीत, आजोबा. शिंपलेही नाहीत, अंड्याची टरफलंही नाहीत." म्हणजे बघ, एकाच घरात पंचवीस वर्षं राहून मला आपल्या खरकट्याचे नियम माहीत नव्हते. कुलूपवाला मात्र हिरमुसला. एवढ्या उन्हात येऊन कुलूप शाबूत.

पुन्हा अशी शोभा नको म्हणून मी त्या यंत्राला खाऊ घालायचं ठरवलं. वजनाला कलिंगडासारखं फळ नाही, म्हणून एक अख्खं आणलं. तीन दिवस मी कलिंगड खात होतो आणि उरलेला वेळ संडासात होतो. पण साली टाकल्या आणि यंत्र म्हणालं, "सातशे चार, धन्यवाद." त्या आठवड्यात माझ्याशी झालेलं हे पहिलं बोलणं. दुसऱ्या दिवशी मी कोबीची वरची पानं घेऊन पुन्हा गेलो. तिसऱ्या दिवशी टाकायला काही नव्हतं, तरी खाली गेलो.

तिथेच सोल-आची आई भेटली. हीच ती सातशे दोनमधली कुत्र्यावाली. कडेवर लेक, दुसऱ्या हातात गळती पिशवी, आणि बिल्ला वर विसरलेला. मी म्हटलं, द्या इकडे. माझा बिल्ला धरला, दोन किलोच्या जवळपास भरलं. तिने तीनतीनदा वाकून आभार मानले. दुसऱ्या संध्याकाळी मीच तिची बेल वाजवली. मग वरच्या मजल्यावरचं नवं जोडपं, मग सहाशे एकमधल्या दोघी बहिणी. महिनाभरात पाच घरं झाली. रोज सहाच्या ठोक्याला मी बूट घालून निघायचो. वजन आणि त्याचे पैसे माझ्या नावावर चढायचे, त्यांचे वाचायचे, आणि दारात दोन शब्द व्हायचे. नूना, खरकट्याइतकं खरं कुणी बोलत नाही. सोल-आ गाजर खात नाही. बहिणींपैकी एकीचे दात गेलेत. आणि एका गुरुवारी वरच्या जोडप्याकडचा अख्खा स्वयंपाक, हात न लावलेला, पिशवीतून आला. त्या दिवशी मी दारात एक शब्दही काढला नाही. शुक्रवारी नुसती सफरचंदाची सालं होती, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

मग चुसोकचा सण आला. सांग-उ उल्सानहून येणार होता. आला नाही; जहाजाचं काम अडलं म्हणाला. (काम अडलं ते खरंच, पण सून मुलांना घेऊन माहेरी गेली होती हेही खरं.) मी पहाटे उठून सांग-उच्या आईचा फोटो पुसला, पूर्वजांपुढे विकतचा नैवेद्य मांडला, दोनदा वाकलो आणि सकाळी आठला रिकामा झालो. संध्याकाळी मात्र पाचही घरांतून पिशव्याच पिशव्या. तळलेल्या वड्या, अळकुड्यांचं सूप, नासपतीची सालं. बारा किलो! दोन दिवसांनी ओकबाईंचा फोन आला. आवाजात इतका आनंद होता. म्हणाल्या, "आजोबा, यादी पाहिली. सगळी मंडळी आली होती वाटतं!"

मी नाही म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी त्यांना सांगितलं की थोरला नातू चार वाट्या सूप प्यायला, धाकटीने वड्या कुत्र्याला घातल्या, सुनेने भांडी घासू दिली नाहीत. वीस मिनिटं बोललो. खोटं बोलायला इतकी मजा येते हे मला या वयात कळलं. फोन ठेवला तेव्हा घरात इतकी शांतता झाली, की जणू मंडळी खरोखरच आत्ता उठून गेली होती.

महिनाअखेरीला पकडला गेलो. सोसायटीच्या यादीत सातशे चार पहिला आला: एकसष्ट किलो. दुसऱ्या नंबरावर सात माणसांचं घर होतं, तेही पुष्कळ मागे. ऑफिसच्या साहेबांना वाटलं, म्हातारा घरात चोरून खानावळ चालवतोय. ते ओकबाईंना घेऊन आले, चुलीवर वाकून पाहिलं, मोरी पाहिली आणि शेवटी फ्रिज उघडला. आत मिरचीच्या लाल चटणीचा डबा, सहा अंडी आणि तू पाठवलेली मासळी. साहेब तो फ्रिज बंद करायचे विसरले. ओकबाईंनी तो बंद केला आणि त्यांना म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे, मी येते."

मग त्या जमिनीवर माझ्यासमोर बसल्या. मला वाटलं, आता चुसोकचं विचारतील. मी उत्तरही तयार ठेवलं होतं. पण त्यांनी विचारलं, "नातवंडांची नावं काय हो, आजोबा?" मी नावं सांगितली. त्यांनी ती वहीत लिहून घेतली. का, ते मला माहीत नाही. जाताना म्हणाल्या, दुसऱ्याचं खरकटं आपल्या बिल्ल्यावर टाकायचं नाही, यादी खोटी होते, आणि मग खरोखर कुणाला काही झालं तर मला कळत नाही. हे बरोबर आहे. गोदामवाल्याला हे दुसऱ्याने सांगावं लागलं, याची लाज वाटली.

त्या संध्याकाळी सहाला मी बूट घातले आणि तसाच दारापाशी बसून राहिलो. कुठे जाणार? साडेसहाला बेल वाजली. सोल-आची आई. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात तिचा बिल्ला.

"बिल्ला माझा, पाय तुमचे," ती म्हणाली. "चालेल ना? नाहीतर ही पोरगी आजोबा कुठे, आजोबा कुठे करून डोकं खाते."

बाकीच्या घरांनीही तेच केलं. आता माझ्याकडे पाच बिल्ले एका दोरीत ओवलेले आहेत. यंत्र पाच घरांची नावं घेऊन आभार मानतं आणि सगळ्यांच्या वतीने मी मान हलवतो. तर नूना, मी जेवलो. माझी मुळीच काळजी करू नकोस. इकडे माणसांची अगदी गर्दी आहे.

तुझा धाकटा,
चांग-ग्यू

ता. क. वर पाच बिल्ले लिहिले, ते दोन आहेत. त्यातला एक माझा. बाकीच्यांनी दारातूनच, आता आम्ही टाकू, असं फार नम्रपणे सांगितलं.

दुसरा ता. क. सांग-उला यातलं काही कळवू नकोस. त्याला मी सांगितलंय की चुसोकला तू आली होतीस. त्याने विचारलंच तर तू आली होतीस आणि सूप खारट झालं होतं.

तिसरा ता. क. एक किरकोळ काम आहे, खरं तर त्यासाठीच कागद घेतला होता. तुझी जन्मतारीख कळव. आबांनी तुझी नोंद दोन वर्षं उशिरा केली होती, तेव्हा खरी नको, सरकारी हवी. झालं असं, की बिल्ल्याची चौकशी करायला ऑफिसात गेलो होतो. तिथल्या बाई म्हणाल्या, घरात आणखी कुणी राहणार असेल तर दुसरा बिल्ला मिळतो, अर्ज भरा. मी सहज भरला. नाव: मा मल-सुन. नातं: थोरली बहीण. पुढे "मुक्काम किती दिवस" असा एक रकाना होता, त्यात मी "कायम" लिहिलं. तुला शहरातली घरं आवडत नाहीत हे मला माहीत आहे, आणि कोंबड्यांचाही प्रश्न आहे. बाई म्हणाल्या, ते कधीही खोडता येतं. खोडता येतं का, असं मी त्यांना विचारलं नव्हतं.