दारावरच्या निधनपत्रकाची परवानगी पिवळ्या पट्ट्याने मोडल्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
दर्शनी भिंती व प्रवेशद्वारे विभाग,
गोर्ना लिपा नगरपालिका

विषय: पत्नीचे निधनपत्रक ऑक्टोबरपर्यंत इमारतीच्या दारावर राहू देणेबाबत.

संदर्भ: १) आपले परवानगीपत्र (सही मोडलेली). २) तेच, पुन्हा (सही मोडलेली). ३) तेच, तिसऱ्यांदा (आपल्याच हस्ते).

महोदय,

१. मी स्पिरिदोन गेर्चेव, निवृत्तिवेतनधारक, चेर्नित्सा रस्त्यावरील नऊ नंबरच्या इमारतीत राहतो. माझी पत्नी राइना गेल्या ऑक्टोबरात वारली. रिवाजाप्रमाणे तिचा फोटो, नाव आणि 'सहा महिने तिच्याविना' एवढा मजकूर असलेला कागद इमारतीच्या मुख्य दारावर लावलेला होता; त्याआधीचे कागदही ऑक्टोबरपासून तेथेच होते. अख्ख्या बल्गेरियात असा कागद न लागलेले जुने दार कुणी दाखवल्यास मी त्याला जेवू घालीन. घरी सध्या दही आणि पाव आहे.

२. इमारतीला नवा रंग देण्याचे ठरले आणि दारावरील सर्व 'अनधिकृत वस्तू' काढण्याची नोटीस लागली. मी अर्ज केला. आपण वर्षश्राद्धापर्यंत कागद ठेवण्याची परवानगी दिलीत, याबद्दल आभार. परवानगी ईमेलने आली, त्यावर आपली डिजिटल सही होती. पुढे जे घडले त्यात आपल्या सहीचा काही दोष नाही.

३. आमच्या व्यवस्थापक स्नेझानाबाई यांना मी फाईल पाठवणार होतो. त्या म्हणाल्या, "आजोबा, एवढं कोण वाचतं? महत्त्वाचं तेवढं पिवळं करून पाठवा." मी संगणकावर पूर्ण पत्र वाचले. त्यात महत्त्वाचे मला राइनाचे नाव वाटले. तेवढ्यावर पिवळा पट्टा ओढला. दुसरे काही केले नाही.

४. बाईंनी फाईल सगळ्या बिऱ्हाडांना धाडली आणि लोकांनी तिच्या समासात टिपा घातल्या. त्या येथे जशाच्या तशा उतरवत आहे:

इव्का (पहिला मजला): "राहू द्या हो आजोबा. येता-जाता राइनाकाकूंना हाक मारायची सवय झालीये मला."
ग्रोझदान (चौथा मजला): "दाराला नवा रंग, आणि त्यावर हे? शोभतं का?"
इव्का: "तुमच्या बाल्कनीतली मिरच्यांची माळ शोभते ती?"
ग्रोझदान: "मिरच्या खाता येतात."
स्नेझाना: "इथे भांडू नका. सरकारी फाईल आहे ही."
इव्का: "मग तुम्ही कशाला लिहिलंत बाई?"

राइना असती तर तिने ग्रोझदानला मिरच्यांची एक माळ आणखी नेऊन दिली असती आणि वर ऐकवलेही असते.

५. रंगाच्या ठेकेदाराने फाईल उघडली तेव्हा तिच्या डोक्यावर सही अवैध असल्याची लाल फुली आली. डिजिटल सही झाल्यावर कागदावर टिंब जरी उमटले तरी सही मोडते, असे मला आपल्या खिडकीवर कळले. पट्टा पुसला तर सही परत येईल का, असे मी विचारले. तेथील तरुण म्हणाला, "आजोबा, फोडलेलं अंडं परत कवचात जातं का?" त्याचे म्हणणे मला पटले. त्याने मला बसायला खुर्चीही दिली.

६. आपण दुसरे पत्र दिलेत. मी त्याला हात लावला नाही. वाचलेसुद्धा नाही. ते पुढे पाठवताना स्नेझानाबाईंनी त्यावर हिरव्या रंगात 'वाचले' अशी टीप घातली. फुली आली.

७. आपण तिसरे पत्र दिलेत. यात 'या दस्तऐवजावर कोणतीही खूण करू नये' असे नवे वाक्य होते. ते नजरेतून सुटू नये म्हणून सही झाल्यावर आपल्याच कार्यालयाने ते गुलाबी केले. माझ्याकडे पत्र आले ते फुली घेऊनच. मी विचारणा केली असता लेखी उत्तर आले, की खूण कार्यालयाने केली असल्याने ती खूण धरता येत नाही. हे उत्तर मी ठेकेदाराला दाखवले. तो म्हणाला, "मला पटतंय हो. कॉम्प्युटरला पटत नाही."

८. मुलगी फोनवर म्हणते, बाबा, तुम्हाला राग कसा येत नाही? यायला हवा हे मान्य. मी सकाळी कॉफी करतो, अजून दोन कप मांडतो, एक परत ठेवतो. मग आपल्या कार्यालयात येतो. राग कोणत्या वेळी यायचा ते अद्याप ठरलेले नाही.

९. आता आपल्याकडून कळवण्यात आले आहे, की चौथे पत्र देण्यापूर्वी 'ज्या वस्तूस परवानगी हवी ती वस्तू' मूळ स्वरूपात तपासणीसाठी जमा करावी. त्यानुसार आज सकाळी चारही टाचण्या उपटून कागद दारावरून काढला. इव्का जिन्यात उभी होती. म्हणाली, "आता दार कुणासारखंच दिसत नाही."

१०. रंगारी सोमवारी येणार आहेत. ऊन-पावसाने दार विटले आहे, फक्त कागदाखालचा चौकोन पूर्वीच्या हिरव्या रंगाचा राहिला आहे. टाचण्यांची भोकेही आहेत. सोमवारच्या आत परवानगी मिळाल्यास कागद नेमका तेथेच लावता येईल. त्यानंतर मिळाल्यास जागा कोणती ते मला सांगता येणार नाही. तरी विनंती, की लवकर निर्णय व्हावा. पत्र छापील, शाईच्या सहीचे असले तरी चालेल. सहीखाली डाग पडला तरी माझी हरकत नाही.

आपला नम्र आणि अद्याप त्याच पत्त्यावर असलेला,
स्पिरिदोन गेर्चेव
गोर्ना लिपा, दि. १४ मे

सोबत:
१) परवानगीपत्र, तीन प्रती, फुल्यांसह.
२) निधनपत्रक, मूळ, एक. दुसरी प्रत नाही. कृपया त्यावर आवक क्रमांकाचा शिक्का मारावयाचा झाल्यास मागच्या बाजूस मारावा. पुढच्या बाजूस ती हसते आहे.