भुसा भरलेला दयाळ

४ मे
वरच्या खोलीत आज दोन भाडेकरू आले. श्रद्धा, किरनापूरची शेतकऱ्याची पोर, पीएच.डी. करते. सोबत काम करणारा निलय पुण्याचा. विषय काय, तर पक्षी का गातात! म्हटलं, देवानं माझ्यासाठीच धाडली ही माणसं. परसाच्या भिंतीतल्या भोकात दयाळाचं घरटं आहे, पिलं आहेत. मीच हौसेनं नेऊन दाखवलं. नर पहाटे पेरूच्या शेंड्यावर गातो. शाळेत गुरुजी पाखरांच्या कविता चालीवर म्हणून घ्यायचे, आम्ही बाकावर ताल धरायचो... हे सगळं पोरीला सांगितलं. ती हसली.
"काका, गाऊन नाही राह्यला तो. शिव्या देऊन राह्यला. माही हद्द आहे, इकडं फिरकू नोका."
जन्मभराचं ऐकणं एका वाक्यात पुसलं.

६ मे
पेरूला भुसा भरलेला एक मेला दयाळ बांधला. खाली स्पीकर, त्यातून परक्या दयाळाचा आवाज. आपला नर किती चिडतो ते मोजायचं. बाहुल्याला पहिली चोच बसली की स्पीकर बंद, तोही खाली, असा यांचा नेम. बसली. मी म्हटलं, बिचारा. निलय म्हणे, "बिचारा काय, मस्त सॅम्पल आहे, काका."

७ मे
श्रद्धा जिन्यात, फोनवर. तिच्या गाइडचा आवाज मलाही ऐकू आला. नोंदी अपुऱ्या आहेत, एवढ्यावर प्रबंध होणार नाही, मग घरी जाऊन लग्न कर. ही नुसती "हौ सर, हौ सर." नंतर तोंड धुऊन पुन्हा पेरूखाली.

९ मे
लिहवत नाही. तरी.
दुपारी खाटेवर पडलो होतो. परसात दोन दयाळ, एक थांबला की दुसरा. काय जुगलबंदी! डोळे मिटून खाटेच्या दांडीवर बोटं वाजवत राहिलो, जुन्या ओळी आपसूक ओठांवर... तशीच झोप लागली.
ऊन कलल्यावर सौ. ओरडली. श्रद्धा बाजारात गेलेली. निलय स्पीकर चालू ठेवून बॅटरी आणायला गेला आणि तिकडेच जेवत बसला. यंत्र आपलं सुरूच. बाहुल्याचा भुसा सगळीकडे. खाली नर, एक पंख लोंबतोय, चोच रक्तानं भरलेली. तरी स्पीकरवर उड्या.
सौ. म्हणाली, "तो मरून राह्यलता, अन् तुमी ताल धरून राह्यलते!"
दिवेलागणीला नर गेला.

१० मे
श्रद्धा निलयवर धावून गेली. "एक बटन दाबता आलं नाही तुले?" तो थंडपणे, "जास्त नोंदी तुलाच हव्या होत्या ना?"
पहाटे शेंड्यावर दुसराच नर. याचा गळा अधिक गोड. ऐकावासा वाटला, मेल्यागत झालं. तो मादीला भोकाजवळ येऊ देत नाही. ती अळी चोचीत धरून तारेवर. आत पिलं ओरडतात.
गाइड फोनवर खूश. असा प्रसंग ठरवून घडवता येत नाही म्हणे. नवा नर परक्या पिलांना भरवतो की मरू देतो, एवढं नुसतं पाहा. हात लावला की नोंद बाद. यावरच प्रबंध उभा राहील.
"अन् मेली तं?" मी श्रद्धाला विचारलं.
"तेबी लिहाचं, काका."

११ मे
एक पिलू भोकाखाली मरून पडलेलं. श्रद्धानं वेळ टिपली, फोटो काढला. सौ. नं ताट पुढं केलं, "खाय बाई, तुले काय त्यायच्यासारखं उपाशी राहाचं आहे?" ती ताटावरून उठली.
आत दोन उरलीत. आवाज बारीक झालाय.

१२ मे
सकाळीच शेणखत उकरून करवंटीभर किडे काढले. भिंतीला शिडी लावली. दोन पायऱ्या चढलो, तर श्रद्धा खाली येऊन उभी. शिडी हलत होती, ती तिनं दोन्ही हातांनी धरली.
"थांबवत नाही तुमाले. पाय जपून ठेवा. फक्त येवढं सांगा काका, गाइडले काय सांगू? घरी बाबा पाव्हणे बोलवाले बसलेच आहेत."
उतरलो. करवंटी टेबलावर ठेवून हे लिहितोय, किडे काठावर चढताहेत. खिडकीतून दिसतंय, तिनं शिडी अजून सोडलेली नाही. आता एकाच पिलाचा आवाज येतोय.