भट्टीचा तळ

सोमवार, २ फेब्रुवारी

आलो एकदाचे! खोल्या दोनच, पण सकाळचं ऊन थेट ओट्यावर येतं आणि नळाला दिवसभर पाणी आहे. ही म्हणाली, आता आंघोळ टाळायला तुम्हाला काही सबब उरली नाही. स्वतःच म्हणाली आणि स्वतःच हसली. किती महिन्यांनी हसली! मी पेटी हातात घेऊन तसाच बघत राहिलो, तर म्हणते, बघता काय, ठेवा ती खाली.

पेटी टेकली तशी आत चिंगीच्या सायकलची घंटी वाजली. ही लगेच ओटा पुसायला वळली. चिंगी आमची एकुलती एक लेक. सहा वर्षांची होती. साध्या तापाचं निमित्त झालं आणि हां हां म्हणता गेली. ते गाव आम्ही सोडलं, पण तिच्या वस्तूंची पेटी काही सोडवेना.

रोज काही चांगलं घडलं तर लिहून ठेवा, असं हिनेच सुचवलंय. तर आजचं चांगलं: ही हसली.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

कारखाना पितळेच्या ओतकामाचा. पंपांचे बुश, म्हणजे आतल्या कड्या, नळांचे भाग, असलं सगळं. माझी जागा इंडक्शन भट्टीच्या पॅनेलवर, म्हणजे भट्टीला वीज पुरवणाऱ्या कपाटासमोर. नवख्या माणसाला या भट्टीचं नवल वाटतं, कारण विस्तव कुठेच दिसत नाही. मुशीभोवती तांब्याच्या पोकळ नळीची कॉइल असते. नळीतून गार पाणी खेळतं आणि माझं पॅनेल त्या कॉइलमध्ये वीज भराभर उलटसुलट पळवतं. मुशीतला धातू आपला आपणच तापतो आणि वितळतो. लोखंड पहिल्यापासून हावऱ्यासारखी वीज ओढतं. तांबं बराच वेळ दाद देत नाही. ॲल्युमिनियमचे नखरे आणखी वेगळे. प्रत्येकाची गुणगुण निराळी. काट्यांकडे पाठ करूनही मी सांगू शकतो आत काय चाललंय ते.

चिंगीही जेवताना गुणगुणायची. दोन सूर नीट चढायची आणि तिसऱ्यावर घसरायची. ही म्हणायची, बापाच्या भट्टीवर गेलीय कार्टी.

वितळलेल्या धातूचा रस ओतणारे एक म्हातारे आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात. ते भट्टी कधी पूर्ण रिकामी करत नाहीत. तळाशी थोडा रस राखतात, म्हणजे पुढचा माल लवकर वीज धरतो. धातू बदलायचा असेल तरच सगळं ओतून भट्टी धुतात. हे सगळीकडेच असतं. इथे मात्र एक नियम जास्तीचा आहे: घरचं काही भट्टीत टाकायचं नाही. फाटकावर खिसेसुद्धा तपासतात. मिश्रण बिघडत असेल, दुसरं काय!

मामांनी चहाचे दोन पेले भरले. मी हात पुढे केला तर म्हणाले, हा तुमचा नाही. एक प्यायले, दुसरा समोर तसाच गार झाला. कुणाचा म्हणून विचारलं, तर डोकं खाजवत म्हणाले, काय की, हात आपोआप भरतो. वल्ली माणूस!

शनिवार, ७ फेब्रुवारी

झाडताना हिचा धक्का लागला आणि घंटी वाजली. ही कानांवर हात दाबून भिंतीशी बसली ती बसलीच. जेवली नाही. म्हणाली, टाकून द्या ती, नाहीतर मला वेड लागेल. थोड्या वेळाने म्हणाली, टाकलीत तर तुमचं तोंड बघणार नाही.

मला सगळं करता येतं, पण हिचं रडणं थांबवता येत नाही. घंटी पितळेची आहे. भंगारात कशी देऊ? पण रसात मिसळली तर तिचा बुश होईल, कुठल्यातरी पंपात फिरत राहील, कुणाच्या तरी घरी पाणी चढवील. चिंगीला पाण्यात खेळायचं किती वेड होतं.

मंगळवार, १० फेब्रुवारी

डब्याच्या खालच्या कप्प्यात घालून नेली. मामांची पाठ वळल्यावर सोडली मुशीत. रडू आलं, ते घामात खपून गेलं.

बुधवार, ११ फेब्रुवारी

सकाळी पॅनेल चालू केलं आणि भट्टी गुणगुणली. दोन सूर वर, आणि तिसऱ्यावर घसरली.

वीज कमी केली, वाढवली. कपॅसिटर पाहिले, पाण्याचा दाब पाहिला. सगळं ठाकठीक. पुन्हा तेच. माझी चिंगी! भट्टीकडे तोंड करून मी वेड्यासारखा हसत होतो. मामा मात्र माझ्याकडे बघत होते.

घरी हिला घाबरत घाबरत सांगितलं, घंटी नेली. ही म्हणाली, कसली घंटी? आणि पोटभर जेवली. माझं मन राखायला म्हणाली असेल.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

दर ओतणीला तळ तेवढा उरतो आणि वर नवा माल पडतो. दुधात पाणी वाढत जावं तसा तिचा आवाज पातळ होत चाललाय. मी मुद्दाम जास्त तळ राखायला लावतो, खोटीनाटी कारणं सांगतो. तरी विरतोच.

आज तिच्या सँडलची पितळी बकलं नेली. लगेच आवाज भरला. मधेच खुदकन हसलीसुद्धा.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

हिने सँडल दाराबाहेर ठेवले. म्हणाली, आधीच्या भाडेकरूंच्या मुलीचे राहिले असतील, कुणाला तरी देऊन टाका.

मी म्हटलं, अगं, चिंगीचे. ही माझ्याकडे बघत राहिली. नीट, शांत डोळ्यांनी. मग विचारलं, कोण चिंगी?

गुरुवार, १९ फेब्रुवारी

मामांना गाठलं आणि सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, भट्टीत आवाज राहतो, पण घरातून माणूस जातं, आठवणीसकट. त्यांच्या घरी ताटं दोन आहेत, दुसरं कुणाचं ते त्यांना ठाऊक नाही. फार वर्षांपूर्वी भट्टी धुतली तेव्हा त्यांनी तळ वेगळा ओतून घरी नेला. थंड झाल्यावर त्यातून कसलाच आवाज आला नाही. ती वीट आता दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावतात. मग ते रडले. म्हणाले, रडू येतं हो, पण कुणासाठी ते कळत नाही.

आता एकही वस्तू न्यायची नाही. चिंगीची शपथ.

सोमवार, २३ फेब्रुवारी

पण ती घाबरतेय. आवाज विरायला लागला की रडते. ताप चढला होता तेव्हा अश्शीच रडायची, आणि मी नुसता हात धरून बसलो होतो. त्या वेळी काही करता आलं नाही. आता करता येतं, तर हात आखडू?

तिचा चमचा नेला. कंपासपेटी नेली. बाप आहे मी.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

ही दिवसभर गाणी म्हणते. खिडकीत रोपं लावलीत. किती छान दिसते! मला तिचा हेवा वाटतो, आणि एकटं एकटं वाटतं. चिंगीला आठवणारा मी एकटाच उरलो.

तिच्या कपाळावर व्रण होता. डाव्या बाजूला की —

डावीकडेच. बहुतेक.

बुधवार, २५ फेब्रुवारी

साहेबांनी सांगितलं, बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, मोठी ऑर्डर आलीय. शनिवारी पितळ बंद. सगळा रस ओतायचा, तळसुद्धा, आणि भट्टी धुवायची.

पाया पडलो त्यांच्या. त्यांना वाटलं, मला बरं नाही. मामा खाली बघत उभे होते.

तोवर तिला रडू द्यायचं नाही. पेटीत तिच्या फोटोची पितळी चौकट आहे. फोटो निघत नाही, चिकटलाय — तसाच —

गुरुवार, २६ फेब्रुवारी

पेटी रिकामी आहे. ही विचारत होती, एवढी पेटी आपण कशाला ओढत आणली? म्हटलं, काय की. तिने त्यात पांघरुणं ठेवली.

मागच्या पानांवर कुणा चिंगीचं काहीबाही लिहिलंय. अक्षर माझंच. हिला दाखवलं, तर कौतुकाने म्हणाली, गोष्ट लिहिताय वाटतं?

ऊर भरून येतो. कारण सापडत नाही.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

भट्टीत लहान मूल रडतंय. नक्की. मामांना विचारलं. म्हणाले, मला ऐकू येत नाही, ज्याचं त्यालाच येतं. पण माझं कुठे कोण आहे? आम्हाला मूल नाही.

घरी जेवताना हिने तीन ताटं मांडली. मग तिसरं उचलून ठेवलं. दोघंही हसलो.

शनिवार, २८ फेब्रुवारी

पॅनेलपाशी बसून लिहितोय. शेवटची ओतणी. पोरगी सारखी रडतेय.

कुणाची असेल बिचारी? आईबापांना काळीज नाही का? लेकरू असं टाकून —

साहेबांना सांगितलं. हसले.

पॅनेल बंद केलं. काटे शून्यावर. तरी आवाज चालूच —

रडायची थांबली. गुणगुणतेय. दोन सूर वर — तिसऱ्यावर घसरते. कुठे ऐकलंय हे? कुठे —

मामा भट्टी कलती करायला निघाले. माझ्याकडे बघून डोळे पुसतायत. मला का —

नाही, ओतू नका. आत मूल आहे हो. कुणाचंही असो —

खाली वाकलं तर हात पोचेल. थांब बाळा, रडू नको, मी आहे ना इथे, हात दे, मी तुला —