जुनी, नवी आणि निःपक्षपाती मी

१८ ऑक्टोबर, शनिवार

…भात लावून झाला होता, मिसो सूप उतरवून ठेवलं होतं, आणि मी ह्यांचे मोजे चिमट्यांना लावत होते. हे अंगणात गाडी धूत होते. तिथूनच ओरडले, फुमिए, नवी बुक केली गं! मी म्हटलं, आधी कचरा ठेवून या, कचऱ्याची गाडी निघून जाईल. बस, एवढंच बोलणं. अकराव्या दिवशी हे गेले. छातीत कळ आली म्हणाले आणि संपलंच. तीन आठवड्यांनी नवी दारात आली.

मार्चमधली गोष्ट. आज आठवली, कारण मिसुझुचा फोन आला. लेक माझीच, पण बोलते विमा कंपनीसारखी. आई, जुनी काढून टाक, नवी स्वतःहून ब्रेक मारते, तुझं वय बघ.

दोन्ही एकाच मॉडेलच्या छोट्या हॅचबॅक. जुनी आधीच्या पिढीची, चौदा वर्षांची. हे दर महिन्याला तिला शर्यतीच्या सर्किटवर पळवायचे. नवी त्यानंतरच्या पिढीची. आमची पार्किंगची जागा एकच. नवी सध्या ह्यांच्या दोस्ताच्या, नाकानिशीसानांच्या सलूनमागे उभी आहे, तीही नोव्हेंबरअखेरपर्यंत. जुनीच्या सरकारी तपासणीची मुदतही तेव्हाच संपते. एक जाणार.

मिसुझुला सांगितलं, यात भावनेचं काही नाही. दोन्ही सर्किटवर पळवणार. जी वेगवान ती राहील. ह्यांच्या फोटोपुढे उदबत्ती लावून तसं बोललेसुद्धा. आता शब्द फिरवता यायचा नाही.

मी पूर्ण निःपक्षपाती आहे. जुनी जिंकणार.

२२ ऑक्टोबर

वाचनालयातून गाड्यांवरची चार पुस्तकं आणली. बाईंनी विचारलं, नातवासाठी का? मी म्हटलं, स्पर्धेसाठी. त्यांनी परतीचा शिक्का जरा हळूच मारला.

शाळा मी आठवीत सोडली. बाकी सगळं वाचून शिकले, हेही शिकेन. पहिल्या पुस्तकात लिहिलंय, वळणावर टायर आणि रस्ता यांची सतत ओढाताण चालते, आणि ती संपली की गाडी घसरते. चव्वेचाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला हे पुस्तकातून कळायला नको.

नवी ऐंशी किलोनं हलकी आहे म्हणे. म्हणजे पत्रा पातळ.

२ नोव्हेंबर

सराव. नाकानिशीसान शेजारी बसले. ह्यांचे सर्किटवरचे दोस्त, पेशानं न्हावी, वय अडुसष्ट, आणि सल्ला द्यायला कधीही मोकळे. जुनीत मी पाठीमागे दोन उशा घेते. ते म्हणाले, वहिनी, उशा कशाला, सीटच पुढे ओढा ना. क्लच तळाला टेकत नाहीये तुमचा. मी म्हटलं, वजन मागे असलेलं बरं, पुस्तकात आहे. कुठल्या पुस्तकात, म्हणाले. मी म्हटलं, परत केलं.

तेवढ्यात गिअर करकरला. ते खिडकीबाहेर बघायला लागले.

सीट ह्यांनी लावली होती तिथेच राहील. याचा भावनेशी काही संबंध नाही.

८ नोव्हेंबर

जुनीला नवे टायर घातले. नवीचे काढून तिला जुनीचे झिजलेले दिले. गॅरेजवाल्यानं दोनदा विचारलं, उलट तर नाही ना झालं? मी म्हटलं, आमच्या घरात थोरल्यांना आधी वाढतात.

नवीची टाकी काठोकाठ भरली. जुनीत अगदी गरजेपुरतं पेट्रोल. म्हातारपणी बेतानंच खावं.

नवीच्या डिकीत तांदळाच्या तीन गोणी आहेत, मिसुझुकडे पोचवायच्या. उतरवायला विसरणार आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ६

लवकर उठले. भाताचे चार गोळे, आत उमेचं खारवलेलं आंबट फळ. दोन माझ्यासाठी, दोन नाकानिशीसानांसाठी. आज सोक्षमोक्ष.

त्याच दिवशी, दुपारी ४

घाईघाईनं लिहीत नाही, सगळं क्रमानं लिहिते.

सर्किट डोंगरात, थंडी कडक. नवी नाकानिशीसानांनी चालवत आणली, जुनी मी. अकरा गाड्या आणि मी. सुरुवातीला सगळ्यांना उभं करून नियम सांगितले. गाडीतलं सुटं सामान काढा, बाहेर काही लटकत असेल तर तेही काढा. मी सगळं काढलं. तांदूळ गोणीत बांधलेले, ते सुटे नव्हेत. वृद्ध चालकाचं चिन्ह तेवढं ठेवलं. सत्तरी ओलांडली की गाडीला ते चार रंगांचं पान लावायचं, असं आपल्याकडे आहे. मी बहात्तरची. नाकानिशीसान म्हणाले, वहिनी, इथे पोलीस नाहीत हो. मी म्हटलं, पोलीस नसले तर वय कमी होतं का?

आधी नवी पळवली. ती मध्येच पिं पिं करून मला दरडावते. सुनेनं सासूला दरडावावं तसं. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. चार फेऱ्या.

मग जुनी. दुसरी फेरी उत्तम झाली. तिसऱ्या फेरीत सरळ रस्त्यावर, जिथे हे हसत हसत अ‍ॅक्सिलरेटर दाबायचे असं नाकानिशीसान सांगतात, तिथे मीही दाबला. चिन्ह लोहचुंबकाचं असतं. ते उडालं, आणि मागच्या गाडीच्या काचेवर जाऊन चिकटलं नाही, नुसतं आपटलं. पण त्या माणसानं ब्रेक मारला. लाल झेंडे. सगळं सर्किट बंद. एक माणूस मोठ्या चिमट्यानं ते पान रस्त्यावरून उचलून आणत होता आणि अकरा गाड्या त्याच्याकडे बघत होत्या.

मी प्रत्येक गाडीपाशी जाऊन वाकून माफी मागितली. कंबर अजून धरली आहे. मागच्या गाडीतले गृहस्थ दंतवैद्य निघाले. म्हणाले, आजी, सुपरमार्केट खाली आहे. मी म्हटलं, माहीत आहे, येताना तिथूनच आले, आणि तुमच्या पुढे होते.

जुनीला दिवसभरासाठी बंदी.

वेळा. जुनी, एक मिनिट एकतीस. नवी, एक मिनिट सव्वीस. झिजल्या टायरांवर, भरल्या टाकीनिशी, तांदळासकट.

१६ नोव्हेंबर

कारणं: १. ऊन डोळ्यांवर. २. झेंडा. ३. घड्याळ त्यांचं होतं. ४. सकाळी नवीत बसले तेव्हा मी ताजी होते. ५. पत्रा.

फेरचाचणी मागायची.

दिलगिरी म्हणून मिठाईचे बारा डबे आणले. अकरा चालकांचे, एक चिमटेवाल्याचा. नाकानिशीसान पत्ते द्यायला आले आणि उठेनात. शेवटी म्हणाले, वहिनी, सांगू का नको कळत नव्हतं. तुमच्या तोकुजीनं फेब्रुवारीत नव्या पिढीची गाडी सर्किटवर चालवून पाहिली होती. उतरला तो बोलला वेगाबद्दल नाहीच. म्हणाला, क्लच लोण्यासारखा आहे, फुमिएच्या गुडघ्याला झेपेल. आता तिलाच इथे पळवायला शिकवतो.

मी म्हटलं, मी गुडघ्याबद्दल कधी तक्रार केलेली नाही.

ते म्हणाले, नाही, रोजच करता.

चहा दिला. तो निवेपर्यंत कुणीच प्यायलं नाही.

२१ नोव्हेंबर

सर्किटवर फोन. बर्फामुळे आता वसंतापर्यंत बंद. त्या मुलीनं फार नम्रपणे विचारलं, आपण त्या पानवाल्या आजी का? मी म्हटलं, त्यांची बहीण.

दंतवैद्यांचं आभारपत्र आलं. अक्षर वाईट. मिठाई आवडली म्हणे. दात तपासायला या, असंही लिहिलंय.

२९ नोव्हेंबर

ह्यांच्या फोटोला निकाल सांगितला. फरक मी पाचाऐवजी चार सेकंदांचा सांगितला. मग उदबत्ती संपायच्या आत खरं सांगून टाकलं.

गाडी निवडायला चुकला नाहीत, म्हटलं. फक्त माणूस वेळेवर हजर हवा होता.

मिसुझुला फोन केला. तिला वाटलं मी रडतेय. मी म्हटलं, कांदा. ती म्हणाली, आई, रात्री नऊ वाजता? मी म्हटलं, उद्यासाठी.

३० नोव्हेंबर, रविवार

जुनी मीच चालवत जुन्या गाड्या विकत घेणाऱ्याच्या आवारात नेऊन दिली. वाटेत एका सायकलवाल्यानं मला मागे टाकलं. त्याला उतार होता. किल्ली दिली, पावती घेतली, आणि बसनं घरी आले.