दुसऱ्यातून तिसऱ्यात

मंगळवार, संध्याकाळ

गाडी दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना अडखळते म्हणून सॅम्युएलकाका आज गॅरेजवर आले. मी चालवून बघितली, तर गियर अलगद पडला. मग त्यांना चालवायला लावून शेजारी बसलो. कर्रर्र! कानाला लगेच कळलं, क्लच पूर्ण दाबलाच जात नाहीये. डावा पाय अर्ध्यातच थांबत होता. पुन्हा बघितलं. पायच.

आता हे सांगायचं कसं? मुलं इस्रायलला, घरी हे एकटे.

"काका, पाय डॉक्टरांना दाखवा."

"तू गाडीचा डॉक्टर ना? गाडीचं बघ."

"गाडी ठणठणीत आहे, काका."

त्यांनी इंजिन बंद केलं. मग किल्ली माझ्या हातात दिली. "करंजाडेला घरी सोड."

स्वतःच्याच गाडीत त्यांना डावीकडच्या सीटचा पट्टा सापडेना. मीच लावून दिला.