मागच्या सीटवरचं जॅकेट

डुलुथ, नोव्हेंबर २०२१

लिंडक्विस्ट साहेब,

"मर्ना, शाळेच्या बसची फेरी संपल्यावर शेवटच्या सीटपर्यंत जाऊन पाहायला विसरलीस ना?" तुम्ही विचारलंत, मी होकारार्थी मान हलवली. खोटं होतं ते. मी गेले होते. छोटी एल्सी झोपलेली दिसली. तिच्या अंगावर माझं जॅकेट पांघरलं, मागच्या काचेवर 'बस रिकामी' ही पाटी लावली आणि कुलूप घालून घरी गेले. लॉकडाऊनमध्ये वर्षभर माझ्या झोपलेल्या लेकीला मी असंच पांघरूण घालून खोलीबाहेर यायचे; त्या दिवशीही सवयीने तेच केलं.

तासाभराने पोर सापडली, गारठलेली. जॅकेट तिथे चुकून राहिलं, असं सगळे समजतात. ड्रायव्हर मिळत नाहीत, म्हणून तुम्ही सांभाळून घेतलंत. साहेब, विसरले असते तर परवडलं असतं.

हे पत्र द्यायला दोनदा ऑफिसात आले. दोन्ही वेळा पत्र न देताच, बसची किल्ली घेऊन परतले.

सतरा नंबरच्या बसची ड्रायव्हर,
मर्ना